निमकरकाकांची तीन घरं

निमकरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करत, मग बाथरूमचा नळ सोडून बघत आणि चहा यायच्या आत त्या घराचं भाडं जाहीर करत. माझ्या लग्नानंतर ते शेजारी म्हणून दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये भेटायला आले. नव्या नवरीकडे, म्हणजे माझ्या शैलाकडे, ढुंकूनही न बघता छताकडे बघत म्हणाले, "बाहेर याला दुप्पट पडतील!" एकदा पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन आम्ही हुमायूनच्या कबरीवर गेलो. पाहुणे भारावून गप्प. काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "एवढी जागा आणि भाडेकरू एकच. तोही फुकट्या!"

काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सगळे रंगीत टीव्हीची स्वप्नं बघत होतो, तेव्हा हा माणूस दर रविवारी काकूंना स्कूटरवर मागे बसवून यमुनेपलीकडच्या मोहरीच्या शेतांत उभ्या राहणाऱ्या सोसायट्या बघत हिंडायचा. प्रॉव्हिडंट फंड उपसून नोएडात पहिला फ्लॅट घेतला. त्याच्या भाड्यातून दुसऱ्याचे हप्ते, दोघांच्या भाड्यातून गुडगावचा तिसरा.

"पगारासाठी मला उठावं लागतं रे," ते सांगायचे. "भाडं मी झोपलो तरी येतं. बिल्कुल पेन्शन! फक्त म्हातारं व्हावं लागत नाही."

चावी मिळाली की काकू नव्या ओट्यावर दूध उतू घालवायच्या, उंबऱ्याशी रांगोळी काढायच्या, आम्ही पेढे खायचो. पुढच्या आठवड्यात भाडेकरू हजर! गुडगावच्या ओट्यापाशी मात्र काकू रेंगाळल्या. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं.

"अहो, एकात तरी आपण राहू या ना."

"अगं, आपण राहिलो तर भाडं कोण देणार?"

"मी देते. आजवरच्या पोळ्यांचे पैसे लावा, उलट तुम्हीच देणं लागाल!"

आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले. म्हणाले, "रिटायर होऊ दे. मग तू म्हणशील ते घर."

काका रिटायर झाले. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा काकू लगेच म्हणाल्या, "गुडगाव." पण तिथे नुकतीच एक कंपनी भाडेकरू म्हणून आली होती, न मागता भाडं वाढवणारी. "एकच वर्ष," काका म्हणाले. आणि तीन घरांचा हा मालक दिल्लीतल्याच मुनिरक्याच्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिला.

"काका, तुम्हीच भाडेकरू झालात की!" मी चिडवलं.

"हिशेब बघ यार. इथं जातात त्याच्या तिप्पट तिथून येतात."

हिशेब बरोबर होता. काकू भरदुपारी दिवा लावून भाजी निवडत बसायच्या.

त्या थंडीत काकूंना न्यूमोनिया झाला. वर्ष पुरं व्हायच्या आत त्या गेल्या, त्याच खोलीत. गल्ली इतकी अरुंद की वळणावर आम्हाला त्यांना तिरकं करून न्यावं लागलं.

तेराव्यानंतर काकांनी कंपनीला घर रिकामं करायला सांगितलं. कंपनीनं भाडं वाढवून देऊ केलं. काकांनी आकडासुद्धा विचारला नाही.

ते गुडगावला राहायला गेल्यावर महिन्याभराने मी आणि शैला भेटायला गेलो. हॉलच्या मधोमध पोती, ट्रंका, डबे, सगळं दोरीने बांधलेलं, जसं टेम्पोतून उतरलं तसंच. काका एका ट्रंकेवर बसले होते.

"काका, सामान लावायचं राहिलंय? चला, आम्ही लावतो."

त्यांनी शैलाकडे पाहिलं. "डबे कुठल्या फळीवर ठेवले असते गं हिनं? देव कुठे मांडले असते? मी कधी विचारलंच नाही."

शैलाने दोरी सोडून एक डबा उचलला, स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने मी डोकावलो. डबा पोटाशी धरून ती रिकाम्या फळ्यांसमोर तशीच उभी होती.