हवेत ठेवलेलं काम

शेठच्या पोरानं आमची साडी वर फेकली. पंख्याच्या वाऱ्यानं ती उलगडली आणि दाराशी, गिऱ्हाइकांच्या चपलांवर जाऊन पडली.

“मासी, अप इन द एअर मतलब ये. कहाँ गिरेगा, किसको पता.”

गादीवरचे सगळे हसले. मी फक्त अर्थ विचारला होता.

सुरतच्या आमच्या धंद्यात एक रीत आहे. एका व्यापाऱ्याची नमुन्याची साडी घरात असली, की त्याचं काम पक्कं नसलं तरी दुसऱ्याचं घ्यायचं नाही. लिंबायतच्या आमच्या गल्लीतल्या बायांनी शेठच्या या साडीवर नमुन्यादाखल टिकल्या लावून दिल्या होत्या. लग्नसराईचं काम आपल्यालाच, या भरवशावर मी दुसऱ्या व्यापाऱ्याला दारातून परत पाठवलं. साडी घेऊन दुकानात खेपा घालत राहिले. दर वेळी पोरगा म्हणे, अभी अप इन द एअर है, साडी तुमच्याकडेच ठेवा.

घरी बाया हातावर हात ठेवून बसलेल्या. शेजारीण रोज विचारायची, “काम भेटी का नही, इतलंच सांग.” काय सांगणार?

हसणं चालू असतानाच त्याला दिल्लीहून फोन आला. तिथल्या व्यापाऱ्याला त्यानं माल कधी निघणार, ते छातीठोक सांगितलं. माझं डोकं सणकलं. दिल्लीवाल्यासाठी सगळं नक्की. हवेत फक्त आम्ही. आणि आम्हाला तिथं टांगणारा हात याचाच.

फोन ठेवून त्यानं साडीकडे बोट दाखवलं. “मासी, उपाडी लो.”

“तुम्ही उचला.”

हसणं थांबलं. मग तो नरमला. गरम होऊ नका म्हणाला, निम्मं काम आजच घेऊन जा. मी घासाघीस करून वर आलेली बाई. निम्म्याचं पाऊण कसं करायचं, मला पक्कं ठाऊक. पण त्या दिवशी माझी बोली एकच होती. आधी साडी उचला.

त्यानं नोकराला हाक मारली.

“नोकर नाही. तुम्ही.”

तो मोबाइलमध्ये बघत बसला. मी साडीखालून माझ्या चपला ओढल्या, घातल्या, निघाले. साडी तिथंच.

दुसऱ्या व्यापाऱ्याचं काम तोवर वाटून झालं होतं. बाया तोडून बोलल्या. मी ऐकून घेतलं. लग्नसराई कोरडी गेली. तरी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही.

ती रीत आता मी मोडली आहे. काम पक्कं झाल्याशिवाय कुणाची साडी माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही. व्यापारी म्हणतात, मासी, जरा थांबा, बघू.

मी म्हणते, तुम्ही थांबा. बाहेर बाकडं आहे.