सोवळ्याचा कापूस

कल्याणजवळ मोहन्यात आमच्या चाळीतल्या प्रत्येक देव्हाऱ्यात जळायची ती शेवंताकाकूंच्या हातची फुलवात. त्यांचे यजमान मारुतीकाका कारखाना बंद पडल्यावर घरी बसले आणि थोड्याच वर्षांत गेले. तेव्हापासून काकू वाती वळूनच घर चालवत होत्या. आंघोळ झाल्याशिवाय कापसाला हात नाही. बोटं राखेच्या वाटीत टेकवायची आणि चिमटीत पीळ द्यायचा. नुसत्या बोटांत पीळ धरत नाही, हे आमच्याकडची कुठलीही बाई सांगेल. त्यांच्या त्या सोवळ्याचा मला भारी वैताग यायचा.

त्यांचा मुलगा सुदेश आंबिवलीला कुरिअरच्या गोदामात कामाला होता. त्याने सिगारेट सोडली म्हणून काकूंनी चाळभर पेढे वाटले, आणि हा पठ्ठ्या वेप, ती बॅटरीवरची सिगारेट, ओढत फिरायला लागला. त्यावर बंदी, म्हणून माल चोरून मिळायचा. मग जुनंच नळकांडं घरी पुन्हा भरायचं. ज्याची वाफ ओढायची तो आतला रस शोषून धरायला त्यात काहीतरी मऊ लागतं. सुदेशने उशी उसवून तिच्यातला फायबर कोंबला.

काकूंनी ते पाहिलं. चिमूटभर फायबर त्यांनी निरांजनावर धरला, तर तो वितळून काळा थेंब झाला.

"हे छातीत घेतोस? मेल्या, अक्कल गहाण टाकलीस काय?"

"मग काय भरू? प्युअर कॉटन पाहिजे. तूच दे ना, आई."

ओढूच नकोस, असं काकूंनी कितीदा सांगितलं. तो ऐकणाऱ्यातला नव्हता. मला त्याचा राग यायचा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला अजूनही येतो. शेवटी निदान चांगलं तरी भरू दे, म्हणून देवाच्या वाती झाल्या की काकू त्याच्यासाठी वेगळ्या, बारीक वाती वळायला लागल्या. "माझ्या हातच्या आहेत, बिनधास्त घे," म्हणायच्या.

दिवाळीनंतर त्याला खोकला लागला, तो हटेना. मग धाप. कल्याणच्या हॉस्पिटलात त्याला ऑक्सिजन लावला. नळकांड्यात काय भरायचा, असं डॉक्टर मॅडमनी विचारलं. काकूंनी ताठ मानेने सांगितलं, "शुद्ध कापूस. मी स्वतः वळलेला."

"वळताना काही लावता?"

"काही नाही. जराशी राख..."

काकू स्वतःच्या बोटांकडे बघायला लागल्या.

"आजी, ते ओढणंच वाईट," मॅडम म्हणाल्या. "आत काहीही भरलं असतं तरी छाती बिघडलीच असती. राखेनेच झालं, असं मी म्हणणार नाही."

त्यातली राख तेवढी काकूंच्या कानात राहिली. आठवड्याभरात सुदेश गेला.

तो झोपायचा त्या जागी दिवा लावायचा होता, दहा दिवस तेवत ठेवायचा. वातीसाठी सगळ्यांनी सवयीने काकूंकडेच पाहिलं. राखेची वाटी मी आधीच उचलून ठेवली होती. काकूंनी बोटं पदराला पुसली, पुन्हा पुसली, आणि कोऱ्या कापसाला पीळ द्यायला लागल्या. वात उलगडायची, त्या पुन्हा वळायच्या. मला ते बघवेना.

"काकू, राहू दे. मी दुकानातून आणते."

"थांब गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ही तरी त्याला नुसत्या कापसाची देते."