आत्याचा एक येन

जपानचं एक येनचं नाणं ॲल्युमिनियमचं असतं. पाण्यावर अलगद ठेवलं तर तरंगतं, इतकं हलकं. एकट्या त्या नाण्यात इथे काहीही विकत मिळत नाही. कोनबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, गल्ल्याशेजारी देणगीचा पारदर्शक डबा असतो, लोक परत मिळालेले एक येन त्यात टाकून मोकळे होतात. रस्त्यात पडलेलं दिसलं तरी कुणी वाकत नाही. असल्या नाण्यांवर मी माझे कित्येक रविवार उधळले, आणि एकदा बारशाच्या घरी जाऊन तान्ह्या मुलीच्या उशाखालचं एक नाणं परत मागितलं.

सुरुवात मोठ्या भूकंपाच्या वर्षी, २०११ साली झाली. टोकियोत हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीतली बहुतेक मराठी कुटुंबं तेव्हा मिळेल त्या विमानाने निघून गेली. मी बायकोला पुण्याला पाठवलं आणि कंपनीचं काम आहे म्हणून मागे राहिलो. संध्याकाळी घरी आलं की जमीन मधूनच हलायची, भूकंपाचा इशारा देत फोन किंचाळायचा, आणि बोलायला कुणी नसायचं. तेव्हा खिशातली चिल्लर टेबलावर ओतून मी त्यातली चकचकीत नाणी वेगळी काढायला लागलो. पुढे इंटरनेटवर वाचलं की या वर्षापासून एक येनची नवी नाणी बाजारात येणारच नाहीत, फक्त ओसाकाच्या टांकसाळीतून निघणाऱ्या संचांत मिळतील. म्हणजे ज्या नाण्याला कुणी विचारत नव्हतं ते आता मिळणार नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला एवढं कारण पुरतं.

मग मी आणखी तसली माणसं शोधून काढली. ती रविवारी एका भाड्याच्या खोलीत जमायची. सगळे पुरुष, सगळे तोंडाला मास्क लावलेले, कारण बोलताना थुंकीचा कण नाण्यावर पडला तर डाग पडतो. हातात पांढरे सुती मोजे. चर्चा कशाची, तर हे नाणं सत्तरपैकी अडुसष्ट गुणांचं की एकोणसत्तर. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंगातूनही दिसत नाही, असं माझं आजचं मत आहे. त्या एका गुणासाठी ही मंडळी टांकसाळीचा संच फोडून त्यातला एक येन काढायची, अमेरिकेतल्या प्रत ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवायची, आणि नाण्याच्या किमतीच्या कित्येक पट फी भरून ते प्लास्टिकच्या वडीत कायमचं बंद करून घ्यायची. त्यानंतर त्याला कुणी हात लावायचा नाही. पैशाचं पैसेपण काढून घेतल्याशिवाय त्यांना त्याची किंमत वाटायची नाही.

त्यांच्यात एक निवृत्त गृहस्थ होते. ते नाण्याला ‘हे लेकरू’ म्हणायचे. “या लेकराच्या गालावर बघा, एक रेघ आहे,” असं ते कळवळून सांगायचे. घरात वाफ झाली तर ॲल्युमिनियम काळवंडतं म्हणून बायकोला राइस कुकर बाल्कनीत लावायला लावायचे. थंडीतसुद्धा. हे त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्यांची किळस आली. त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की पोळ्या त्या कोपऱ्यात लाट, पीठ उडतं. तेव्हा ती पुण्याहून नुकतीच परत आली होती.

ती परत आली ती माझ्या आग्रहाखातर. पुण्यात तिची शाळेतली नोकरी होती, माणसं होती. इथे भाषा येत नव्हती. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे पाळणाघर, शाळा, इतर आया, असल्या ओळखीही नाहीत. कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा हेसुद्धा तिला खालच्या मजल्यावरच्या एका मुलीने शिकवलं. ती मुलगी साताऱ्याकडची, नवरा माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमधला. भूकंपानंतर परत आलेल्या मोजक्या बायकांपैकी ती एक. माझ्या बायकोला ती ताई म्हणायची. दोघी मिळून भाजी आणायच्या, दोघी मिळून जपानी शिकायच्या आणि दोघी मिळून ते विसरायच्या. मी रविवारी नाण्यांपाशी असताना बायकोच्या वाट्याला ती एक मैत्रीण होती. दुसरं कुणी नव्हतं.

भूकंपाच्या पुढच्या वर्षी त्या मुलीला मुलगी झाली. तिची आई साताऱ्याहून बाळंतपणाला आली. बारशाला सख्खी आत्या येऊ शकत नव्हती, तेव्हा मैत्रिणीने माझ्या बायकोला विचारलं, “ताई, तूच हो ना आत्या.” बायको त्या दिवशी घरभर गुणगुणत होती. भाड्याने आणलेल्या जपानी पाळण्याला तिने स्वतः झेंडूसारखी कागदी फुलं करून लावली.

बारशाच्या सकाळी ती लवकर खाली गेली. मी उशिरा उठलो. जेवणाच्या टेबलावर मी एक नाणं ठेवलं होतं, त्याच वर्षीच्या संचातून काढलेलं, कागदी चौकटीत पिना मारून बसवलेलं. दुसऱ्या दिवशी ते अमेरिकेला जाणार होतं. माझ्याकडचं ते सर्वांत निर्दोष नाणं होतं. टेबलावर चौकट उघडी पडली होती, शेजारी बायकोचा भुवया कोरायचा चिमटा, आणि नाणं नव्हतं.

मी पायऱ्या उतरत खाली गेलो. दार उघडंच होतं. आत बायकांचा गलका चाललेला. बायको पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात “कुर्रर्र” करत होती आणि मागून सगळ्या तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या.

“अजून एक घाला! आत्याला सोडू नका!”

“अगं हळू, माझी पाठ काय पाटा-वरवंटा आहे?” बायको हसत ओरडली. इतकी मोठ्याने हसताना मी तिला जपानात पाहिलं नव्हतं. मी तिला कोपराला धरून बाजूला घेतलं.

“टेबलावरचं नाणं कुठंय?”

“कुठलं?”

“चौकटीतलं. एक येनचं.”

“ते होय, पाकिटाला लावलं की. पाच हजारांवर एक नको का? माझ्या पर्समधली सगळी काळपट होती. शुभकार्याला मळकं कशाला लावायचं?”

“कशाने लावलंस?”

“सेलोटेपने. कशाने लावणार?”

खरं सांगतो, सेलोटेप या शब्दाने मला धस्स झालं. घरात कुणी गेल्याची बातमी आल्यावर होतं तसं. पाकीट देवापाशी होतं, त्यावर टेपचा तुकडा लोंबत होता आणि नाणं गायब. बाळाच्या आजीने ते काढून, कुंकू लावून उशाखाली ठेवलं होतं. आत्याच्या हातचं म्हणून.

मी पाळण्यापाशी गेलो. आजी तिथेच बसल्या होत्या.

“काय हवंय हो तुम्हाला?”

“ते नाणं. बदलून देतो मी. दुसरं देतो. हवं तर शंभर येनचं देतो.”

“आत्याने दिलंय. त्याची कसली अदलाबदल?”

“दादा, सोन्याचं आहे की काय?” मैत्रीण हसून म्हणाली. जवळच्या दोघी-तिघीही हसल्या. अजून सगळं गमतीत निभावलं असतं.

“दुर्मीळ आहे,” मी म्हणालो. “या वर्षीचं बाजारात आलेलंच नाही.”

“मग बरंच झालं,” आजी म्हणाल्या. “आमची नातही याच वर्षीची.”

एवढं चांगलं वाक्य ऐकून कुठलाही माणूस मागे फिरला असता. मी हललो नाही. आजींनी माझ्याकडे पाहिलं, उशी उचलली आणि नाणं माझ्या हातावर ठेवलं. “घ्या बाबा, घ्या. रडाल नाहीतर.” यावर खोलीत मोठा हशा झाला आणि बायका पुन्हा आपापल्या गप्पांकडे वळल्या.

मी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं. तिथेच, पाळण्यावर वाकून, खिडकीच्या उजेडात नाणं धरलं. कुंकू ओलं होतं आणि अक्षरांत शिरलं होतं. टेपचा डिंक लागला होता. नाण्यावरच्या रोपट्याच्या पानांवरून चिमट्याचा आडवा ओरखडा गेला होता. मी ते परत उशीपाशी ठेवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, “राहू द्या. आता काही उपयोग नाही.”

ते तिघींनीच ऐकलं. मैत्रीण, आजी आणि माझी बायको. आजींनी बाळावरून दोन्ही हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि पाळणा माझ्यापासून हातभर दूर सरकवला. मैत्रिणीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे माझ्या बायकोकडे वळले. जणू तिने मला तिथे आणलं होतं.

बायकोने पानं वाढली, भांडी आवरली, सगळं शेवटपर्यंत केलं. घरी आल्यावर म्हणाली, “काय बोललास कळलं का तुला?”

“मी नाण्याबद्दल बोललो.”

“पाळण्यात वाकून.”

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीच्या नवऱ्याला स्टेशनवर गाठून माफी मागितली. तो हसला. “सोड रे, बायकांचं काय मनावर घेतोस!” त्याच्या माफीचा काही फायदा नव्हता. मग मी मिठाई घेऊन त्यांच्या दाराशी गेलो. आजींनी दार अर्धंच उघडलं.

“काय, अजून काही विसरलं का इथं?”

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मिठाई घेतली नाही. दार हळूच बंद केलं, आपटलंसुद्धा नाही. आणि जिना चढताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं? ॲसिटोनने कुंकू निघेल का, हे. त्या रविवारच्या खोलीतल्या माणसांना मी नावं ठेवत आलो. पण त्यांच्यातल्या एकानेही कुठल्या पाळण्यावर भिंग धरलं असेल असं मला वाटत नाही. मी त्यांच्यातला सर्वांत खालच्या प्रतीचा होतो, आणि ही प्रत ठरवायला अमेरिकेला पाठवायची गरज नव्हती.

मैत्रीण भांडली नाही. ती फक्त थांबली. भाजीला एकटी जाऊ लागली. लिफ्टमध्ये भेटली तर फोन काढायची. माझी बायको दुपारी बाल्कनीत उभी राहायची. खालच्या बाल्कनीत लंगोट वाळत घातलेले दिसायचे, ते ती बघायची. तिने मला नाणी फेकून दे असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी त्या मंडळींत जाणं सोडलं, नाण्यांचे डबे कपाटात वर टाकले, आणि याची दखल तिने घ्यावी अशी वाट बघत राहिलो. तिने घेतली नाही. तिची मैत्रीण गेली होती, माझे डबे कुठे आहेत याच्याशी तिला काय करायचं होतं?

असं जवळजवळ वर्ष गेलं. आजी कधीच साताऱ्याला परतल्या होत्या. मग मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा मेसेज आला, इमारतीतल्या सगळ्या बायकांना एकच पाठवलेला. त्यात बायकोचं नाव वगळलेलं नव्हतं, इतकंच. ती बराच वेळ फोन हातात घेऊन बसली. मग साडी काढली. पैसे दिले नाहीत, एक फ्रॉक आणला होता.

“तू येऊ नकोस,” ती म्हणाली. मी मान हलवली.

ती परत आली तेव्हा मी भांडी घासत होतो. तिच्या केसांत कागदाचा चमचमता भुगा अडकला होता आणि आवाज बसला होता.

“आज तुझ्यावर खूप हसलो,” ती म्हणाली.

“माझ्यावर?”

“सुरुवातीला कुणी माझ्याशी बोलेना. नवीन आलेल्या एकीने विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात. मी म्हटलं, एक येनची नाणी जमवतात. मग सगळंच सांगितलं. नक्कल करून.” तिने पेला डोळ्याला लावला, ओट्यावर वाकली आणि माझ्या आवाजात म्हणाली, “हवं तर शंभर येनचं देतो!” मग नसलेल्या पाळण्यात डोकावून दचकल्यासारखं केलं, डोळा चोळला, नाक ओढलं. नक्कल चांगली होती. “बाया लोळत होत्या. आणि ती पण हसली रे. म्हणाली, ताई, ते ‘रडाल नाहीतर’ म्हणालेली ना आई, ते कर परत. तीनदा करायला लावलं मला. निघताना म्हणाली, गुरुवारी भाजीला जाऊ.”

मी नळ बंद केला. इमारतीतल्या बायका इथून पुढे मला बघून तोंड दाबून हसणार होत्या, आणि ते मला चालणार होतं. पण एक गोष्ट मला विचारायलाच हवी होती.

“मी शेवटी जे बोललो, ते सांगितलंस?”

“नाही,” ती म्हणाली. तिने पेला माझ्या हातात घासायला दिला. “मी तिथपर्यंत आले आणि थांबले. तिच्याकडे बघितलं. तीही काही बोलली नाही.”