दाजी केबिनमध्ये बोलावतात

एका मंगळवारी माझी बायको गेली. लोणावळ्यात तिचा चिक्कीचा कारखाना होता. दिवसकार्य झाल्यावर तो मी चालवायला घेतला.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखाली एक शिपाई होता आणि तोही मला न विचारताच सगळं करायचा. माणसांशी बोलण्याचा माझा अनुभव ‘पुस्तक कधी परत करताय?’ एवढ्या प्रश्नात मावतो. हा प्रश्नही मी हळू आवाजातच विचारायचो.

कारखान्यात हळू आवाजाचा काही उपयोग नव्हता. पत्र्याची शेड, भट्टीचा घरघराट, त्यात शेंगदाण्यांची साल काढणारं यंत्र. बायको या सगळ्यावरून बोलायची. “अगं, पाक पुढं गेला! लक्ष कुठंय, नवऱ्यात?” कामावरच्या बायका हसायच्या आणि कढई वेळेवर उतरायची. मी घरी तिला सुचवत असे, की शांतपणे सांगितलं तरी माणसं ऐकतात. ती म्हणायची, “या की एकदा सांगायला.”

तर मी आलो.

बायका तिला ताई म्हणत, म्हणून मी दाजी. दाजींची थट्टा करायची असते, पण बायको गेलेल्या दाजींची करावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या आणि मी तर मुळातच बोलत नव्हतो. असे काही आठवडे गेल्यावर कानावर आलं, की कुसगावातलं एक नवं हॉटेल खोल्या आवरायला बायका शोधतंय. आमच्या सगळ्याजणी कुसगावच्याच. मेच्या सुट्टीची गर्दी तोंडावर होती. या गेल्या असत्या तर कारखाना बंद पडला असता. बायकोने उभं आयुष्य घालून उभारलेलं मी एका हंगामात मिटवून दाखवलं असतं.

अशा वेळी मी जे करतो तेच केलं. पुस्तक वाचलं. हाताखालच्या माणसांशी कसं बोलावं, यावरचं. प्रत्येकाला वेगळं बोलवा, दार लावा, बसवा, पाणी द्या, घाई न करता ऐका, असं त्यात होतं. मी खूश झालो. शांत बसण्याला नेतृत्व म्हणतात, हे इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं.

कारखान्याची रीत मात्र त्या पुस्तकात नव्हती. पाकाचे हात म्हणून बायका मोबाइल दारातल्या फळीवर ठेवत. घरून तातडीचं काही असलं तर फोन केबिनमध्ये येई. कौतुक, बोलणी, रजा, पगारवाढ, सगळं बायको भट्टीपाशी सगळ्यांसमोर करायची. केबिनमध्ये ती एखादीला बोलवायची ती फक्त वाईट बातमी आली तर. दार लावायची, बसवायची, पाणी द्यायची आणि मग सांगायची.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी सर्वांत वडीलधाऱ्या मावशींना म्हणालो, “मावशी, जरा आत येता का?”

सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं, आदराने.

मी दार लावलं. मावशींना बसवलं. पाण्याचा ग्लास पुढे केला आणि समजूतदारपणे गप्प राहिलो.

“इंदुरीचा फोन आला ना?” मावशींनी विचारलं.

इंदुरी त्यांचं माहेर. तिथे त्यांचा भाऊ अंथरुणाला खिळलेला होता, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

“गेला का माजा भाऊ?”

समोरच्याचं म्हणणं लगेच खोडू नये, असं पुस्तकात होतं. “तुम्हाला असं का वाटतं?” मी विचारलं.

मावशींनी हंबरडा फोडला. दार उघडून सगळ्याजणी आत घुसल्या, दोघी मावशींच्या गळ्यात पडल्या. मागे भट्टीवर पाक जळत होता, त्याचा धूर केबिनपर्यंत आला.

“कोणीही गेलेलं नाही!” मी कसंबसं म्हणालो. “मला फक्त मत हवं होतं. कामाच्या वातावरणाबद्दल.”

मावशी रडायच्या थांबल्या. डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“वातावरन लय चांगलं व्हतं, दाजी. तुमी पानी देईस्तवर.”

आधी एक फिसकन हसली, मग सगळ्याच. एक म्हणाली, “ताईनं ह्यान्ला घरी कसं संबाळलं आसंल गं?” बायको गेल्यापासून तिच्याविषयी माझ्यासमोर कोणी असं सहज बोललं नव्हतं. मला बरं वाटलं.

“काय इचारायचं ते भायेर इचारा,” मावशी म्हणाल्या. “समद्यांच्या म्होरं.”

जळक्या कढईशेजारी उभं राहून मी विचारलं. कोणाला ऐकू गेलं नाही.

“मोट्यानं, दाजी! हितं कोन झोपलंय व्हय?”

“हॉटेलात जाणार का तुम्ही?” मी ओरडलो. आवाज चिरकला, पण आता थांबणं शक्य नव्हतं. “मला यातलं काही येत नाही. पण तिचं हे बंद करायचं नाही मला. राहाल का?”



“म्या जानार,” मघाशी सगळ्यांत आधी हसलेलीच म्हणाली. “राग धरू नका. धगीनं डोळं गेलं माजं. तितं पंख्याखाली काम हाय.”

तिला थांबवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी मान डोलावली.

“आमी हाय सुट्टीपातूर,” दुसरी म्हणाली. “म्होरलं म्होरं बगू.”

“मी हाय,” मावशी म्हणाल्या. “पन त्या केबिनीत मला परत बलवायचं न्हाई.”

सुट्टी संपली. एक हॉटेलात गेली, बाकीच्या आहेत. कारखाना चालू आहे. बायको नाही.