पाळण्याची कमान

आमच्या घराण्यात पूर्वी सगळे गायकवाडी फौजेत. फौज गेली, तरी आमचा हात उठायचा राहिला नाही. वडील लाकडी मोगरी फेकून मारत. ते गेल्यावर समा भागातल्या आमच्या घरामागची त्यांची सुतारकामाची वर्कशॉप आणि त्यांचा राग, दोन्ही आम्हा दोघा भावांच्या वाट्याला आली.

दादाला मुलगी झाली. वहिनी माहेरी होत्या, सव्वा महिन्यानं बाळ घेऊन येणार होत्या. तोवर पाळणा हवा होता, जमिनीवर डुलणारा. त्याचं डुलणं खालच्या दोन कमानींवर. वडील कमान करायचे ती पातळ पट्ट्यांना सरस लावून, साच्याभोवती वाकवून, शिकंज्यात आवळून. मला तो खटाटोप नको होता. मी सागाची एक रुंद फळी घेतली आणि करवतीनं अख्खी कमानच कापून काढली. दोन दिवस कानस घासली. हाताची सालं निघाली, पण कमान अशी उतरली की मीच तिच्या प्रेमात पडलो.

दादानं ती हातात घेतली आणि टोकाजवळ अंगठा टेकवला.

"इथं लाकडाची रेषा आडवी गेलीय. इथूनच बटकी जाणार, मोडणार. पोरीच्या अंगाखाली तुटेल."

"नाही तुटणार."

"वडिलांनी काय शिकवलं तुला? डोकं आहे का खोकं?"

त्यानं कमान उंबऱ्यावर तिरकी ठेवली आणि पाय उचलला. मी त्याला ढकललं. त्यानं माझ्या कानफटात अशी लगावली की कानात शिट्टी वाजली. पुढचं मी भानावर असताना केलं, हे मला आजही कबूल करावं लागतं. पटाशी जवळ होती. ती नको, एवढं मला कळत होतं. मी कमान उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर हाणली. एकदा. तो वाकला, तेव्हा परत.

दुसऱ्या फटक्याला ती मोडली. हाडाचा आवाज आधी आला की लाकडाचा, सांगता येत नाही. शेजारच्या गुजराती काकी भिंतीवरून ओरडल्या, "अरे, मारी नाखीश के शुं एने!"

दादा भुशात पडला होता. तोंड पांढरंफटक. त्यानं चांगल्या हातानं तुटका तुकडा ओढून घेतला, पाहिला आणि माझ्यापुढे धरला.

"बघ. इथूनच तुटली ना?"

त्यानं अंगठा टेकवला होता तिथूनच. मला तिथंच ओकारी झाली. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं म्हणून नाही. ही कमान मी खरोखरच पाळण्याला लावणार होतो म्हणून.

नव्या कमानी पट्ट्यांच्या केल्या, वडिलांच्या रीतीनं. दादा गळ्यात हात अडकवून स्टुलावर बसे आणि शिव्या देत शिकंजे आवळून घेई.

वहिनी आल्या. स्कूटरवरून पडलो, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं. त्या बाळाला पाळण्यात ठेवायला वाकल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, पहिला झोका तुम्हीच द्या. केलात तुम्ही."

माझा हात पुढे जाईना.

"थांब जरा," दादा वहिनींना म्हणाला. त्यानं रिकाम्या पाळण्याच्या कमानीवर पाय ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. मग दुसऱ्या कमानीवर. लाकूड कुरकुरलंसुद्धा नाही.

"ठेव आता," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.