वारुळावरची अळंबी

भाद्रपदात पाऊस उघडला की मला अजून आमच्या अणदूरची चाची आठवते. शेजारी राहायची, विड्याची पानं विकायची. उघडीप पडली की पदर खोचून माळावर अळंबी वेचायला निघायची. वारुळापाशी आधी वाकून सलाम करायची, "नागोबा, थोडी लेकरांसाठी न्हेते," आणि मगच हात घालायची. बारकी अळंबी दिसली की तिच्याशीच बोलायची, "अबी छोटी हय तू, रह जा."

घराण्यातला पहिला बी.ए. मी. तिनं विचारलं, "बी.ए. म्हंजे तहसीलदार का रं?" नाही म्हटल्यावर तिला माझी कीवच आली.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या भाद्रपदात गावोगावच्या मुसलमान घरांत भीती होती. तिच्या भावानं हैदराबादला निघायला बैलगाडी जुंपली, आणि चाचीचाच पत्ता नाही! भाऊ दारात नुसता तडफडत होता. बऱ्याच वेळानं ती माळावरून आली, ओटीभर अळंबी घेऊन. सगळी आईच्या सुपात ओतली.

"अवो चाची, असल्या दिवसांत एकट्या गेलात?"

"आज न्हाय तोडली तर उद्या किडं पडत्यात."

"मग खाऊनच जावा. आत्ता चुलीवर टाकते."

"तुझं कालवण व्हईस्तोवर बैल म्हातारं व्हतील," ती हसली आणि गाडीत चढली.

तरीही आईनं लसूण-तिखट घालून कालवण केलं. आम्हाला वाढलं. चाचीचा वाटा वेगळा झाकून ठेवला आणि दिवस मावळेपर्यंत नळदुर्गच्या वाटेकडं बघत दारात बसली.