दादासाठी एक ओळ

दादाने दिलेलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. एका जगप्रसिद्ध रॉक गायकाचं अधिकृत चरित्र. मुखपृष्ठावर तो गळ्यात गिटार अडकवून, सगळं जग आपल्या बापाचं असल्यासारखा उभा. अधिकृत म्हणजे काय, तर त्या महाशयांनी स्वतः पानन् पान वाचून, हवं ते ठेवून, नको ते काढून मग छापायला परवानगी दिलेली. दादाने मला हे मोठ्या कौतुकाने समजावलं, तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे आपल्या अण्णांसारखेच की!" दोघंही पोट धरून हसलो होतो. आता ते हसणं आठवलं तरी नको वाटतं.

अण्णा म्हणजे आमचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. आई आम्ही शाळेत असतानाच गेली. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये अण्णा रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र वाचायचे ते हातात लाल पेन घेऊन. चूक दिसली की तिच्याभोवती गोल. संपादकालासुद्धा त्यांनी कधी पास केलं नसतं. दादा त्यांचा थोरला मुलगा. त्याने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून गिटार धरली, तेव्हा अण्णांनी आरडाओरडा केला नाही. "आपण आता मोठे झालात," एवढंच म्हणाले आणि त्या दिवसापासून पोटच्या पोराला अहो-जाहो करू लागले. शेजारच्या बिल्डिंगमधल्या सेक्रेटरींना करायचे तसं. दादाने काही वर्षं हॉटेलांत वाजवलं, मग हडपसरला एक खोली घेऊन मुलांना शिकवू लागला. नाव झालं नाही, पण त्याचं बरं चाललं होतं.

माझं ऑफिस त्याच्या खोलीपासून दहा मिनिटांवर. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्याच्याकडे जायची. तिथेच त्याने ते पुस्तक माझ्या हातात कोंबलं. "वाच गं. फायली वाचून वाचून डोकं सडलंय तुझं."

येता-जाता बसमध्ये वाचायला लागले. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं फारसं कौतुक वाटेना. विमानं, नशा, तीन लग्नं, प्रत्येक लग्नात चूक बायकोचीच. पुस्तकापेक्षा मला दादाच्या पेन्सिलीच्या खुणा वाचायला मजा यायची. एका पानावर मात्र मी थांबले. या गायकाला पहिल्यांदा गिटार धरायला शिकवली ती त्याच्या लहानपणीच्या एका मित्राने, घरामागच्या पायरीवर बसून. त्या मित्राला सबंध पुस्तकात अर्धं वाक्य. पुढच्या वाक्यात महाशय थेट मोठ्या स्टेजवर. समासात दादाने लिहिलं होतं, 'हा कुठे गेला?' मी मागची नामसूची काढून बघितली. तिथेही मित्राचं नाव नव्हतं. म्हणजे छापलेलं नव्हतं. दादाने ते पेन्सिलने, बरोबर त्याच्या जागी, पान क्रमांकासकट लिहून ठेवलं होतं.

"कसला कृतघ्न माणूस आहे रे तुझा हा!" मी दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हटलं.

"त्याला कशाला शिव्या देतेस?" दादा म्हणाला. "तो विसरला असेल, नाहीतर मुद्दाम गाळलं असेल. पण लिहिणाऱ्याला माहीत होतं ना? त्याने तरी अडून बसायचं."

त्याच वर्षी अण्णांना पंचाहत्तर पूर्ण होत होती. माजी विद्यार्थ्यांनी अमृतमहोत्सवाचा घाट घातला. हॉल, शाल, श्रीफळ, आणि आपल्याकडे अशा वेळी निघते तशी एक गौरवपुस्तिका. जीवनपट लिहायचं काम अर्थात माझ्या गळ्यात. मी मन लावून लिहिलं. दादावर दोन परिच्छेद लिहिले. अण्णांनी कागद तपासून परत दिले. बाकी मजकुरात इकडेतिकडे गोल होते, दादाच्या परिच्छेदांवर मात्र पट्टी लावून मारलेली सरळ लाल रेघ. शेजारी एकच शब्द: विषयांतर.

तेव्हा मी काय करावं? दोन परिच्छेदांची एक ओळ केली. 'त्यांचे थोरले पुत्र हडपसरला संगीत शिकवतात.' तिच्यावरही रेघ आली.

त्या आठवड्यात दादाने विचारलं, "माझं काय लिहिलंयस मग? एक ओळ तरी आहे ना?" विचारताना हसत होता, पण तारा जुळवणारा हात थांबला होता.

"आहे रे बाबा," मी म्हटलं. माझ्या मनात होतं, अजून छापायला कुठे गेलंय, अण्णांशी बोलू. मग अण्णांचं ब्लडप्रेशर वाढलं. मग प्रेसवाला घाई करायला लागला. एवढा कार्यक्रम होऊन जाऊ दे, असं म्हणत मी ती ओळ काढून मजकूर प्रेसमध्ये देऊन आले. छापून आलं ते असं, की सरांना एक सुविद्य कन्या आहे. सुविद्य! डोंबलाची सुविद्य.

दादा यायचा नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तो आला. कडक इस्त्रीचा झब्बा घालून आला. दारात पुस्तिका वाटत होते, ती घेऊन त्याने भिंतीला टेकून पहिल्या पानापासून वाचली. शेवटच्या पानावरची आभाराची यादीसुद्धा बोट फिरवत वाचली. मग स्टेजवर जाऊन अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णा म्हणाले, "या. जेवून जा." आणि तो खरंच पंगतीला बसून जेवला.

निघताना माझ्याजवळ आला. "पुस्तक वाचून झालं का गं?"

"शेवटची दोन प्रकरणं राहिलीत."

"असू दे मग तुझ्याकडे," म्हणाला. पुस्तिकेचं अवाक्षर काढलं नाही. त्याने चारचौघांत मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. त्यानंतर डबा घेऊन जाणं कमी झालं. आज मीटिंग आहे, आज पोट बरं नाही. लाज वाटायची, दुसरं काही नाही. तोही बोलावेनासा झाला.

कार्यक्रमानंतर तिसऱ्या वर्षी क्लासमध्ये शिकवता शिकवताच तो कोसळला. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यायची म्हणून मी कागद घेऊन बसले. अण्णा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले आणि न विचारता सांगू लागले, "लिही. निवृत्त मुख्याध्यापक, पुढे माझं पूर्ण नाव, यांचे ते थोरले पुत्र होत. हडपसर येथे ते संगीत शिकवत. त्यांच्या मागे वडील व बहीण असा परिवार आहे." मी निमूटपणे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सवयीने लाल पेन घेऊन वर्तमानपत्र उघडलं. ती चार ओळींची बातमी दोनदा वाचली. चूक सापडली नाही. पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, "बरोबर छापलंय."

माझा तोल गेला. जन्मात अण्णांसमोर आवाज चढवला नव्हता तो चढवला. "हीच ओळ मी तेव्हा लिहिली होती, अण्णा! हीच! त्याला वाचायची होती ती. तुम्ही दादाला दोनदा खोडलंत."

अण्णांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

"खोडलं," म्हणाले. "तू तिसऱ्यांदा का लिहिलं नाहीस?"